टेग्वेनच्या मुलाची भाषा

माझी नणंद टेग्वेन लग्न करून न्यूपोर्टला, वेल्समधल्याच पण इंग्रजी बोलणाऱ्या शहरात, गेली तेव्हा तिचं इंग्रजी अगदी बेताचं होतं. शाळेत शिकली होती, वाचता-लिहिता यायचं. पण बोलताना आधी मनात वेल्श यायचं आणि मग ते इंग्रजीत फिरून तोंडातून बाहेर पडायचं. तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. टेइवी नदीच्या काठी आमचं शेतघर. तिथे इंग्रजी लागायचं तरी कुणाशी? गुरांच्या डॉक्टरशी, आणि पुढे तोही वेल्श शिकला.

तिचा नवरा रे हॅस्केल न्यूपोर्टच्या पोलाद कारखान्यात होता. "सामन मासे धरायला आला होता, आमची पोरगी घेऊन गेला," असं माझे सासरे म्हणायचे. रे सरळ मनाचा माणूस होता. त्याला वेल्शचं अक्षर येत नव्हतं, पण त्याने कधी नाक मुरडलं नाही. मुलगा झाला तेव्हा टेग्वेनने त्याचं नाव आजोबांवरून येस्टिन ठेवलं, आणि घरात दोघं मायलेक दिवसभर वेल्श बोलायची. पाळी संपवून रे घरी आला की पोरगं त्याला धावत जाऊन काहीबाही सांगायचं आणि रे हसून विचारायचा, "शिव्या देतोय का गं हा मला?"

पुढे जे झालं ते टेग्वेनने आम्हाला कितीतरी वर्षांनी सांगितलं. पण मी ते इथेच सांगते, म्हणजे बाकीचं नीट कळेल.

येस्टिन चार वर्षांचा होता. टेग्वेन त्याला घेऊन बसने गावातून येत होती. थंडीचे दिवस, बस बायकांनी आणि पिशव्यांनी भरलेली. समोरच्या बाकावर एक बाई केसाळ टोपी घालून बसली होती. पोरगं सीटवर उभं राहिलं आणि खणखणीत आवाजात, वेल्शमध्ये, विचारलं, "मॅम, त्या बाईच्या डोक्यावर मेंढी का बसलीय?" मॅम म्हणजे आई. आमच्या गावात सगळी बस हसली असती. तिथे सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "ही कुठली माणसं गं? पोराला धड बोलायला नाही का शिकवत?" टोपीवाली बाई मात्र वाईट नव्हती. तिने वळून गोड हसून सहज विचारलं, "तुमचाच का हो?"

आणि टेग्वेन म्हणाली, "नाही, नाही. शेजारणीचा आहे. मी नुसती सांभाळते."

पोरगं तिची बाही ओढत होतं, "मॅम, मॅम, सांग ना." तेव्हा ती त्या बाईला म्हणाली, "सगळ्यांनाच मॅम म्हणतो तो."

कुणी तिच्या मानेवर सुरी धरली नव्हती. कुणी ओळखीचंही नव्हतं तिथे. आपलं पोर तिने नाकारलं ते एका अनोळखी बाईच्या टोपीपुढे. ही गोष्ट ती पुढे कधी विसरली नाही, आणि म्हणूनच असेल, त्या दिवसापासून घरात वेल्श बंद केलं. रेला सांगितलं, "शाळेत जाईल आता, गोंधळ नको." रे म्हणाला, "मला तर आवडायचं की!" पण घरातलं पोराचं सगळं तीच बघायची, म्हणून तो पुढे बोलला नाही. येस्टिन काही दिवस वेल्शमध्येच पाणी मागायचा. ती पाठमोरी उभी राहायची, ऐकूच न आल्यासारखी. इंग्रजीत मागितलं की पाणी मिळायचं. लहान पोराला शिकायला किती दिवस लागतात? शाळेत नाव घातलं तेही जस्टिन. तेच नाव, फक्त इंग्रजी कपडे घातलेलं.

उन्हाळ्यात ती त्याला घेऊन आमच्याकडे यायची. माझ्या सासूबाईंना इंग्रजी फारच थोडं यायचं. आमच्याकडे आजीला मॅमगी म्हणतात. तेवढा एक शब्द पोराकडे उरला होता. आजी-नातू दोघं गोठ्यात शेजारी शेजारी बसायची, एकमेकांकडे बघून हसायची, वासराला हात लावायची. बोलणं नाही. सासूबाई बोलायच्या, तो मान डोलवायचा. मग तो बोलायचा, त्या मान डोलवायच्या.

तो चौदा वर्षांचा असताना सासूबाई शेवटच्या दुखण्यात पडल्या. मी स्वयंपाकघरात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा बघत होते, म्हणून त्या खोलीत जे झालं ते मला माझ्या नवऱ्याने, एइरिगने, संध्याकाळी गोठ्यात सांगितलं. सासूबाईंनी नातवाचा हात धरला, त्याच्याकडे खूप वेळ बघितलं आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "हिने तुला माझ्यासाठी परका का केला रे, बाळा?"

पोराने आईकडे बघितलं. "काय म्हणतेय मॅमगी?"

टेग्वेन म्हणाली, "म्हणतेय, केवढा उंच झालास."

तो खूश झाला. आजीकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "थँक यू." सासूबाईंना तेवढं इंग्रजी कळत होतं. त्यांनी लेकीकडे बघितलं आणि डोळे मिटले. एइरिग दारात उभा होता. तो बादली उचलून बाहेर निघून आला, आणि आईची माती झाल्यावर बहिणीशी बोलायचाच थांबला. मी एकदा मध्ये पडायला गेले तर म्हणाला, "कुठल्या भाषेत बोलू तिच्याशी? आपली तिला लाज वाटते आणि त्यांची मला जमत नाही."

मी मात्र दर रविवारी चर्चहून आले की तिला फोन करायचे. वेल्शमध्येच. तिची बोली आमच्याइतकीच ताजी होती, उलट अधिकच जुनी, सासूबाईंच्या वळणाची. ज्या बेकरीत ती कामाला होती तिथे पाव मोजायची तेही मनातल्या मनात वेल्शमध्ये, आणि मालकीण जवळ आली की ओठ मिटून घ्यायची. पुढे काळ बदलला. न्यूपोर्टमध्ये, तिच्याच गल्लीच्या टोकाला, वेल्श शाळा निघाली. ज्यांना स्वतःला एक शब्द येत नव्हता असे आईबाप मुलांची नावं घालायला तिथे जाऊ लागले. दुपारी शाळा सुटली की पोरं रस्त्यातून ओरडत जायची, वेल्शमध्ये, आणि कुणी वळून बघत नसे. टेग्वेन त्या वेळेला पलीकडच्या फुटपाथवरून जायची. मला म्हणाली होती, "मेन्ना, ती पोरं माझ्याकडे बघून हसतात असं वाटतं. हसत नाहीत, मला माहीत आहे. तरी वाटतं."

जस्टिन नकला करण्यात लहानपणापासून पटाईत. बापाचा मुकादम, शाळेचे हेडमास्तर, आमचा एइरिग, कुणाचाही आवाज एकदा ऐकला की उचलायचा. त्यातूनच नाटकात गेला, लंडनच्या नाट्यशाळेत शिकला. आधी दोन वाक्यांचा पोलीस, मग सैनिक, मग खुनी. मग एका अमेरिकन मालिकेत तिथला गुप्तहेर झाला आणि तिथल्या लोकांना तो आपलाच वाटला. बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रांत फोटो आले. आमच्या खोऱ्यात तर विचारू नका. आमच्या मातीतलं कुणी पडद्यावर दिसलं की आम्ही त्याच्या पणजीपर्यंत नातं शोधून काढतो. खाटकाने त्याचा फोटो दुकानात लावला आणि येईल त्याला सांगायचा, "हिच्या नणंदेचा मुलगा." मीही मान ताठ करून मटण घ्यायचे, खोटं कशाला बोलू?

एकदा टीव्हीवर मुलाखत चालली होती. मुलाखत घेणारा म्हणाला, "तू वेल्श ना? मग बोल की दोन शब्द तुमच्या भाषेत!" जस्टिन हसला. "येत नाही. आईला यायची, पण तीसुद्धा विसरली." लोक हसले. एइरिगने उठून टीव्ही बंद केला.

रविवारी मी फोन केला. म्हटलं, "विसरलीस म्हणे?"

ती म्हणाली, "बाजारात कोकरांना काय भाव मिळाला ते सांग." हे सगळं अर्थातच वेल्शमध्ये.

रे वारला त्याच्या पुढच्या वर्षी जस्टिनला एक मालिका मिळाली. आमच्याच डोंगरातल्या एका गुरांच्या डॉक्टरची गोष्ट. कळपात रोग पसरलाय हे तो लपवतो आणि गाव बुडतं, अशी. आमच्याकडे अशा मालिका दोनदा करतात. एकच प्रसंग आधी वेल्शमध्ये, मग लगेच तिथेच इंग्रजीत, तेच नट, तेच कपडे. वेल्श आमच्या वाहिनीवर, इंग्रजी जगभर. कधी कधी तर जगच वेल्श मागतं, खाली अक्षरं घालून. दिग्दर्शक त्याला म्हणाला, "मोठं नाव आहे तुझं, मला हवास. पण वेल्श शिकावी लागेल. पोपटपंची चालणार नाही."

जस्टिनने आईला फोन केला. किती वर्षांनी त्याने तिच्याकडे काही मागितलं असेल! म्हणाला, "मॅम, मी महिनाभर तुझ्याकडे येऊन राहतो. तू माझ्याशी फक्त वेल्श बोल. तुला आठवेल तेवढं. मला परक्या माणसासमोर चुका करायची भीती वाटते गं."

आणि टेग्वेन म्हणाली, "नाही रे बाळा. माझी सगळी गंजली. काही उरलं नाही."

तिने मला हे सांगितलं तेव्हा मी फोनवर ओरडलेच. "अगं, आत्ता कुठल्या भाषेत बोलते आहेस?"

"मला माहीत आहे."

"मग?"

"येते म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, येत होती तर दिली का नाहीस. मग मी काय सांगू त्याला, मेन्ना? काय सांगू?"

मग कंपनीने त्याच्यासाठी एक शिकवणारी नेमली. नॉन नावाची उत्तरेकडची मुलगी, हुशार आणि तोंडाची फटकळ. चित्रीकरण आमच्या शेजारच्याच डोंगरावर होतं, म्हणून जस्टिनने विचारलं, "मामी, तुमच्याकडे राहू का? कानावर पडेल." मी त्याला वरची खोली दिली. एइरिग भाच्याशी बोलेल की नाही याची मला धाकधूक होती. पण पहिल्याच सकाळी तो त्याला गोठ्यात घेऊन गेला आणि वेल्शमध्ये म्हणाला, "गाईंना इंग्रजी येत नाही. इथे बोलायचं असेल तर नीट बोल."

पहिले काही दिवस फार वाईट गेले. नॉन सांगायची, इंग्रजीत हा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की सगळे श्वास रोखतात, आणि त्याआधीच्या वेल्श प्रसंगात मात्र रविवारच्या शाळेत कविता म्हणणाऱ्या पोरासारखा दिसतो. लाइटवाले तोंड फिरवून हसायचे. एवढा नावाजलेला नट, आणि आपल्याच आजोळच्या डोंगरावर त्याला घाम फुटायचा. संध्याकाळी जेवताना तो खाली मान घालून लीक-कांद्याचं सूप ढवळत बसायचा. म्हणाला, "मामी, अमेरिकन व्हायला मला आठवडा लागला. आणि जे असायला हवं ते होता येत नाही. लाज वाटते."

नॉन एकदा चहाला आली तेव्हा तिने त्याला निरखून बघत विचारलं, "तू खरं सांग. लहानपणी कुणाशी बोलायचास?"

"कुणाशीच नाही."

"मग 'रुसून बसू नको' हे तुला कुठून आलं? मी शिकवलेलं नाही. आमच्या उत्तरेत असं कुणी म्हणत नाही. हे इकडचं आहे, आजीच्या तोंडचं. काल मी रागावले तर तू पटकन बोलून गेलास."

एइरिगने माझ्याकडे बघितलं. मी ब्रेड कापायला घेतला.

मग गाडी रुळावर आली. शब्द शिकल्यासारखे येत नव्हते, झऱ्यासारखे खालून येत होते. नॉनलाच नवल वाटायचं. आणि असाच एक दिवस, शनिवारी दुपारी, चित्रीकरणाला सुट्टी होती, आम्ही तिघं चहा घेत होतो. जस्टिन वेल्शमध्येच बोलत होता, अडखळत, पण बोलत होता. म्हणाला, "मामा, मॅमगी मला शेवटी जे म्हणाली ना, ते मला अजून जसंच्या तसं पाठ आहे. तेव्हा अर्थ कळला नव्हता, नुसता आवाज लक्षात राहिला. उंच झालास, असं म्हणाली होती. बघा हं."

आणि त्याने तोंड उघडलं तर सासूबाईच बोलल्या. तोच दम लागलेला आवाज, एकेक शब्द सुटा. "हिने तुला माझ्यासाठी..." इतकं म्हणून तो थांबला. आता त्याला भाषा कळत होती. त्याने पुढचे शब्द अगदी हळू, कुणी झोपलेलं उठू नये तसे उच्चारले. "...परका का केला रे, बाळा."

मग तो इंग्रजीत म्हणाला, "यात उंच कुठे आहे?"

एइरिग म्हणाला, "नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी दारात होतो."

जस्टिन उठून अंगणात गेला. खिडकीतून मला दिसत होतं, फोन कानाला लावून तो कुंपणाशी उभा होता. फार बोलला नाही. आत येऊन म्हणाला, "मॅम उद्या येतेय."

ती आगगाडीने कामार्थेनपर्यंत आली आणि मी तिला तिथून आणलं. घरात आली तर एइरिग उठून उभा राहिला. बहिणीला त्याने कितीतरी वर्षांनी समोर बघितलं होतं. बोलला मात्र नाही. टेग्वेन मुलासमोर बसली आणि सवयीने इंग्रजीत सुरू झाली, "जस्टिन, बाळा, मी..."

तो वेल्शमध्ये म्हणाला, "या घरात नको. त्या भाषेत नको."

तिचा चेहरा बघवत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिचा मुलगा तिच्याशी तिच्या भाषेत वाक्य बोलला होता, म्हणजे चार वर्षांचा होता त्यानंतर पहिल्यांदा, आणि ते वाक्य असं. मग तिने सांगितलं. वेल्शमध्ये, भरभर, आमच्या बोलीत. सासूबाईंचं सांगितलं, पाणी मागायचा ते सांगितलं, आणि कुणी विचारलं नसताना बसमधलंही सांगितलं, त्या टोपीसकट. "मी म्हटलं, शेजारणीचा आहे. तू मॅम मॅम करत होतास." एइरिग भिंतीकडे बघत होता. मी रडत होते. ती रडली नाही. ती म्हणाली, "तू रागाव. मी रागावण्यालायकच आहे."

जस्टिन शब्द शोधत होता, खरंच शोधत होता. अजून त्याच्याकडे तेवढे नव्हते. शेवटी म्हणाला, "बस मला आठवत नाही. मी लहान होतो. मॅमगीचं... तेव्हा तू घाबरलीस, समजू शकतो. पण गेल्या वर्षी मी तुला फोन केला. मी म्हटलं, मला भीती वाटते, मला मदत कर. तेव्हा बस नव्हती. बाया नव्हत्या. फक्त मी होतो. तेव्हाही तू तेच म्हणालीस, मॅम. शेजारणीचा आहे."

टेग्वेनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो उठला, कोट घेतला आणि डोंगरावर चालत गेला. दुसऱ्या दिवशी मी तिला परत स्टेशनवर सोडलं. निघताना एइरिगने तिची पिशवी गाडीपर्यंत आणली आणि म्हणाला, "पोचलीस की मेन्नाला फोन कर." भावाबहिणीत एवढंच बोलणं झालं, पण झालं.

चित्रीकरण संपेपर्यंत जस्टिनने आईचं नाव काढलं नाही. काम मात्र असं केलं की दिग्दर्शक वेल्श प्रसंग आधी घ्यायचा ते नंतर घ्यायला लागला. म्हणाला, आधी वेल्श केलं की इंग्रजी फिकं पडतं.

पहिला भाग कार्डिगनच्या थिएटरात लोकांना दाखवायचं ठरलं. सगळं खोरं लोटलं. खाटीकसुद्धा टाय लावून आला. टेग्वेनला मीच ओढून आणलं होतं, ती शेवटच्या रांगेत बसायचं म्हणत होती. चित्र संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. मग गावचा एक मोठा माणूस, कार्यक्रमाचा अध्यक्ष, मंचावर चढला आणि जस्टिनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जग याचं कौतुक करेलच. पण परक्या शहरात राहून या मुलाच्या जिभेवर आपली भाषा जिने जिवंत ठेवली, ती माउली आज इथे बसली आहे. उभ्या राहा, बाई!"

लोक वळून बघत होते, हसऱ्या तोंडाने, डोळ्यांत पाणी आणून. तिला हात जोडून, मान हलवून बसता आलं असतं. मी तर तिची बाही धरून खाली ओढत होते. पण ती उभी राहिली, टाळ्या विरेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "मी नाही दिली त्याला भाषा. मी काढून घेतली. मला लाज वाटायची. या बाईंनी शिकवली," आणि तिने नॉनकडे बोट केलं. "आणि माझ्या भावाने. टाळ्या माझ्यासाठी वाजवू नका."

कुणीतरी खोकलं. अध्यक्ष बिचारा माइक हातात धरून तसाच उभा राहिला, मग म्हणाला, "हं... तर चहा तयार आहे." मंचावर जस्टिन बुटांकडे बघत होता. त्याने वर बघितलं नाही.

चहाला लोक टेग्वेनच्या आसपास फिरकेनात. काही जण मला म्हणाले, "काय गरज होती गं? आनंदाच्या दिवशी?" खाटीक म्हणाला, "खरं बोलायला पण वेळ-काळ असतो." मनातून मलाही तसंच वाटलं. एक बाई मात्र, ल्लांबेडरच्या बाजूची, माझ्याही ओळखीची नाही, कप घेऊन तिच्याजवळ गेली आणि कानाशी म्हणाली, "माझ्या दोन्ही मुलींना येत नाही. मीच." एवढं म्हणून ती केकच्या टेबलाकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जस्टिनने आईला न्यूपोर्टपर्यंत गाडीने सोडलं. मी विचारलं, काय बोललात? टेग्वेन म्हणाली, "हवा. रस्ता. इंग्रजीत."

मालिका गाजली. डेन्मार्कमध्ये, जर्मनीत, कुठे कुठे दाखवली, आणि लोकांना वेल्शच आवडली. दुसरं पर्व झालं, तिसरं चालू आहे. पडद्यावर त्याचं नाव अजून जस्टिनच येतं. कुणीतरी सुचवलं होतं येस्टिन लिही म्हणून, तर म्हणाला, "आता या नावाने मी ओळखला जातो. आणि दुसऱ्या नावाने मला हाक मारणारी माणसं घरात आहेत, तेवढी पुरेत." अडलेला शब्द विचारायला तो मामाला फोन करतो, आणि एइरिग तेवढ्यासाठी मोबाइल बाळगायला लागलाय.

आईशी बोलणं हळूहळू सुरू झालं. आधी आजारपणापुरतं, मग सणासुदीला. मग त्याला मुलगी झाली, एफा. ती बोलायला लागली तेव्हा त्याने टेग्वेनला लंडनला बोलावलं आणि म्हणाला, "तू तिच्याशी वेल्श बोल. फक्त वेल्श. मला विचारू नको, तुला जमेल का म्हणून." माफी वगैरे शब्द कुणीच काढला नाही. दर महिन्याला ती आगगाडीने जाते, चार-आठ दिवस राहते. तो आईशी मुलीबद्दल वेल्श बोलतो. पण वाद झाला की दोघं इंग्रजीवर येतात. वेल्शमध्ये त्यांना अजून भांडता येत नाही, असं टेग्वेन म्हणते.

मागच्या रविवारी फोनवर तिचा आवाज उतरलेला वाटला. म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही. बागेत घेऊन गेले होते एफाला. झोपाळ्यावर बसवलं. ती मोठमोठ्याने विचारत होती, मी सांगत होते. शेजारच्या झोपाळ्यावर एक बाई तिच्या मुलाला घेऊन आली, आणि मेन्ना, माझा आवाज आपोआप खाली गेला. अगदी कुजबुज. पोरगी म्हणाली, मॅमगी, ऐकू येत नाही."

"मग?"

"मग काय. मोठ्याने बोलले. पण तोंड लाल झालं माझं. या वयातसुद्धा."

मी तिला विचारलं, पुन्हा कधी जाणार. म्हणाली, गुरुवारी.